घाई नव्हती, खात्री होती

ती बातमी मला आधी कळलीच नाही. सव्वा महिना झाला त्याला. रविवारी सकाळी मुलुंडच्या घरी, खिडकीपाशी, नेहमीसारखा हेडफोन लावून बसलो होतो. आम्ही हौशी रेडिओवाले. आपापल्या घरातल्या बिनतारी सेटवरून एकमेकांशी बोलतो, कुणी तोंडानं, तर कुणी माझ्यासारखे मोर्सच्या टिकटिकीनं. त्या दिवशी ठाण्याचा एक मित्र मोर्सवर होता. त्यानं प्रल्हादची परवान्यावरची खूण-अक्षरं वाजवली आणि पुढे दोन अक्षरं पाठवली… एस के. बोलणं संपलं की आम्ही ही अक्षरं पाठवतो. मला वाटलं, प्रल्हादशी गप्पा आटोपून हा निरोप घेतोय, म्हणजे प्रल्हाद अजून सेटवरच असणार. मी खुशीत त्याला हाका मारायला लागलो. एकदा मारली, दोनदा मारली. मग त्या मित्रानं मला थांबवलं आणि तीच अक्षरं सावकाश, एकेक सुटी करून पुन्हा पाठवली. त्या अक्षरांना दुसराही अर्थ आहे. ज्याचा हात मोर्सच्या चावीवरून कायमचा उठला, त्याच्या नावापुढे आम्ही ती लावतो. शनिवारी दुपारी पवईला, कामावरच, प्रल्हाद खरातचं हृदय थांबलं होतं. बावन्न वर्षांचा होता.

प्रल्हाद तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेकॅनिक होता. राहायला घाटकोपरला. वडील जालन्याकडून पोट भरायला आलेले. रेल्वेच्या रुळांवर काम करून त्यांनी चार मुलं शिकवली. माझी त्याची गाठ पडली ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास, परवान्याच्या परीक्षेला. मी भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. मोर्सच्या परीक्षेत माझा घाम निघाला होता आणि हा शेजारच्या बाकावर पेन्सिल कानाला लावून शांत बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "घाबरता कशाला एवढं? चुकलं तर परत देऊ. आपल्याला कोण फाशी देतंय!" आठवड्याभरात आम्ही अरे-तुरेवर आलो.

त्याची खरी ख्याती होती ती त्याच्या डब्यामुळे. अँटेना मोजायचं तयार यंत्र तेव्हा आमच्यासारख्यांना बघायलाही मिळत नसे. प्रल्हादनं ते जेवणाच्या अॅल्युमिनियमच्या डब्यात स्वतः बनवलं होतं. झाकणावर एक काटा, एक गोल बटण, बाजूला दोन सॉकेटं. सेटमधून निघालेली ताकद अँटेनातून हवेत जाते की वाटेतून परत फिरते, हे तो काटा सांगायचा. मला त्यानं समजावलं होतं, "तराजू आहे रे नुसता. आत पन्नास ओहमचा एक रेझिस्टर आहे, ते आपलं वजन. दुसऱ्या पारड्यात तुझी केबल आणि अँटेना. दोन्ही सारखं भरलं की काटा शून्यावर." मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुणाचा सेट नीट चालेना झाला की प्रल्हाद खांद्याला शबनम लावून, त्यात तो डबा घालून निघायचा. केबलचं भेंडोळं न उलगडता तिची लांबी सांगायचा. टोकाशी आतली तार आणि वरची जाळी एकत्र जोडायची, डब्यातून सिग्नल सोडायचा, काटा कुठं खाली बसतो ते बघायचं आणि पाकिटाच्या पाठीवर हिशोब करायचा. मी म्हटलं, केबल तर वीस मीटरची आहे, तुझं उत्तर तीस येतंय. तेव्हा हसून म्हणाला, "केबलच्या आत सिग्नल रमतगमत चालतो. तुम्हा कोकणातल्या लोकांसारखा. म्हणून त्याला वाट लांब वाटते. दोन तृतीयांश कर, बरोबर येईल." आणि बरोबर आलं. गोराईला एका मित्राच्या घरी तर त्यानं छपराखाली दडलेल्या केबलवर बोट ठेवून सांगितलं होतं, इथून साडेचार मीटरवर तुटली आहे. कौलं काढून पाहिली, तर उंदरानं नेमकी तिथंच कुरतडलेली.

मी या नादाला लागलो तो माझ्या थोरल्या भावामुळे, अण्णांमुळे. अण्णा कणकवलीजवळच्या आमच्या गावी शाळेत विज्ञान शिकवायचे. परवाना त्यांनीच आधी काढला होता. आमच्या घरी फोन नव्हता, गावात तर नव्हताच. दर रविवारी सकाळी साडेसातला अण्णा आणि मी मोर्सवर बोलायचो. पाऊस, काजू, वहिनीचे गुडघे… फार काही नसायचं. पण मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आवाजासारखा ओळखू येतो. अण्णांचा हात ऐकला की आठवडा धड जायचा.

एका वर्षी दिवाळीनंतर माझा सेट कुरकुरायला लागला. प्रल्हाद आला. गच्चीवर गेलो. डबा जोडला, काटा शून्याच्या जवळपासही येईना. त्यानं वरची अँटेना सोडवली, केबलच्या त्या टोकाला नुसता पन्नास ओहमचा रेझिस्टर लावला, पुन्हा पाहिलं. तरी तेच.

"मोहन, केबल गेली रे. पाणी शिरलंय आत."

"नक्की?"

"डबा खोटं बोलत नाही." त्यानं केबलचं टोक बोटभर कापलं. तांब्याची जाळी काळवंडलेली होती. खाऱ्या हवेत ती सगळ्यांचीच काळवंडते, हे तेव्हा आम्हाला दोघांनाही सुचलं नाही. मी केबल उतरवली आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला दिली. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार म्हणाला, चांगला माल दोन आठवड्यांत येईल. प्रल्हाद स्वतःची केबल काढून द्यायला तयार होता. मीच नको म्हटलं. दोन आठवड्यांचा तर प्रश्न. अण्णांनाही पत्रानं तसंच कळवलं.

दोनाचे चार झाले. मध्ये अण्णांचं कार्ड आलं, "केबल इली काय रे? रविवार सुनो जाता." मी उत्तर टाकलं, येईल या आठवड्यात. केबल यायच्या आधी अण्णा गेल्याची तार आली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. थोरल्या वहिनीनं मला पाहिलं आणि म्हणाली, "म्हयनोभर छातीत दुखा होता त्यांच्या. मी म्हटलंय, भावजींका लिवा. तर म्हणत, पत्रात नाय लिवूचा, घाबरात तो. रविवारी सांगतंय." रविवारी सांगतंय… ते वाक्य घेऊन मी मुंबईला परत आलो.

पंधरा दिवसांनी, एका दुपारी, प्रल्हाद दारात उभा. मला वाटलं भेटायला आलाय. बायकोनं पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरलं.

"मोहन, तुझी केबल चांगली होती," तो म्हणाला. "तुझ्यानंतर आणखी दोन घरी गेलो. तिथंही केबल खराब निघाली. लागोपाठ तिसरी म्हटल्यावर मला शंका आली. डबा उघडला. आतला रेझिस्टर खालच्या अंगानं जळला होता. मागे एकदा मीच चुकून त्यातून सेटची पूर्ण पॉवर सोडली होती, तेव्हाच. वजनच खोटं झालं, मग तराजू काय सांगणार? आत्ता तुझ्या गच्चीवर जाऊन आलो. अँटेनाच्या मधल्या जोडावर गंज चढलाय. कानशीनं घासून पुन्हा सोल्डर केलं असतं की झालं असतं. दोन मिनिटांचं काम."

तो सांगायला आला नसता, तर मला जन्मात कळलं नसतं. केबल भंगारात गेली होती, पुरावा कसलाच नव्हता. मी त्याला सुटायला वाट करून दिली. म्हटलं, "घाईत राहिलं असेल तपासायचं."

"नाही," तो म्हणाला. "दुसऱ्यांना मी सांगतो, आधी ओळखीचं माप लावून डबा तपासा. त्या दिवशी मी तपासला नाही. घाई नव्हती रे. खात्री होती."

मी म्हटलं, "तू जा."

पाण्याचा पेला खाली ठेवून तो गेला. पुढे पाच महिने मी त्याच्याशी बोललो नाही. उरलेल्या दोन्ही घरी जाऊन त्यानं हेच, याच शब्दांत सांगितलं, असं कानावर आलं. सेटवर त्याचा हात ऐकू आला की मी बटण फिरवून पुढे जायचो. माझा राग सगळा त्याच्यावर होता असंही नाही… त्यानं देऊ केलेली केबल मी नाकारली होती, ते मला माहीत होतं. पण स्वतःवर रागावून माणसाला झोप लागत नाही, दुसऱ्यावर रागावून लागते.

मे महिन्यात थोरल्या वहिनीनं गावाहून एका भाच्याबरोबर एसटीनं एक गोणपाट पाठवलं. आत अण्णांची केबल होती, सुतळीनं नीट बांधलेली. ती लावायची हिंमत होईना, टाकवेना तर मुळीच. पंधरा दिवस ती खाटेखाली पडून होती. शेवटी बायको म्हणाली, "घेऊन जा त्यांच्याकडे. दुसरं कोण मोजून देणार आहे तुम्हाला? आणि तो माणूस खोटं लपवू शकला असता हो. लपवलं नाही, ह्याचीच शिक्षा देताय ना तुम्ही?"

मी घाटकोपरला गेलो. प्रल्हादनं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं आणि टेबल मोकळं केलं. डबा काढला. आधी त्याला एक नवा कोरा रेझिस्टर लावला आणि डबा माझ्याकडे सरकवला. "तू बघ. मी नाही सांगणार."

काटा शून्यावर होता.

मग केबल लावली. ठणठणीत होती. "एकवीस मीटर," तो म्हणाला. मग केबलवर हात ठेवून म्हणाला, "मोहन, तिसऱ्या रविवारी अण्णा तुला हाका मारत होते. मी उत्तर दिलं होतं." त्यानं लॉगबुक काढलं. आमच्यात प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवावीच लागते. सात वाजून चाळीस मिनिटं. "मी सांगितलं, मोहन बरा आहे, केबल अजून यायचीय. ते हसले. म्हणाले, केबलच ना, मग चिंता नाही. हात जरा मंद होता त्यांचा… मला वाटलं, गावाकडे थंडी असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू जा म्हणालास."

मी ती ओळ कितीतरी वेळ वाचत राहिलो. अण्णांना शेवटी कळलं होतं की मी बरा आहे. मग मीही त्याला सांगितलं, तुझी केबल मीच घेतली नव्हती. तो म्हणाला, "माहीत आहे की मला. म्हणून तर जास्त लागलं." पावसाळ्याआधी आम्ही दोघांनी मिळून अण्णांची केबल माझ्या गच्चीवर चढवली. त्यानंतर प्रल्हाद कुणाच्याही घरी गेला तरी आधी घरमालकाला काटा शून्यावर दाखवायचा, मगच कामाला हात घालायचा. नवे लोक कंटाळायचे. हा कंटाळला नाही.

प्रल्हाद गेल्यावर जलदान विधीला गर्दी होती, बोलणं झालं नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. लतावहिनी, त्याची बायको, एकट्याच होत्या. सेटवर पांढरं कापड घातलेलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? रोज सकाळी तोंड धुऊन आले की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून शीळ घालायचे. तुमच्या त्या मोर्समधली. लग्न झाल्यापासून एकच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ह्याचा अर्थ 'चहा टाक'. मी टाकायची. खरंच तसा अर्थ होतो का?"

"कशी होती शीळ?"

त्या लाजल्या. शीळ काही घातली नाही. ओठ मिटून, हळूच गुणगुणल्या. टिटाटिटिट… टिटा… टा… टिटा. एकही मात्रा चुकली नाही.

मोर्समध्ये आम्ही रोमन अक्षरं वाजवतो. मी सेटशेजारच्या त्याच्या लॉगबुकच्या कोऱ्या पानावर चार अक्षरं लिहिली आणि ते पान त्यांच्यापुढे धरलं. "चहा नाही, वहिनी. लता. तुमचं नाव आहे."

त्यांनी पान हातात घेऊन ती अक्षरं वाचली. मग डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या. "सगळे म्हणतात, खरात कधी खोटं बोलला नाही… आणि मला पंचवीस वर्षं चहा करायला लावला!"

जरा वेळानं म्हणाल्या, "तुम्ही एकदा वाजवता?"

मी शीळ घातली. चार अक्षरं, त्याच्यासारखीच सावकाश. त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.