विहिरीचं पाणी आयर्लंडला

सुझानाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते पालकसभेत. तिचा सॅव्हियो तेव्हा सहावीत होता. 'माझी आई' या निबंधात त्याने आई उंच असल्याचं लिहिलं होतं, आणि समोर उभी त्याची आई फळ्याच्या मध्यापर्यंत जेमतेम पोचत होती. तिने निबंध वाचला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"टीचर, दोन मार्क कापा. खोटं लिवलंय."

मी मार्क कापले नाहीत. तेव्हापासून आमची ओळख.

माजिवड्याच्या गावठाणात तिचं घर, माझ्या इमारतीच्या मागेच. सॅव्हियो आता आयर्लंडमध्ये नर्स आहे. गेल्या वर्षी त्याचं तिथल्याच एका मुलीशी लग्न ठरलं आणि ते तिथेच करायचं झालं. चर्च, जेवण, पाहुणे, सगळ्याला सुझानाने मान डोलावली. एकच गोष्ट तिच्या मनातून जाईना. गावठाणातल्या या ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्या पाण्याने नवऱ्या मुलाला आंघोळ घालतात. सॅव्हियोच्या बापाची, आजाची आंघोळ गावठाणातल्या याच विहिरीच्या पाण्याने झाली होती. आपला मुलगा नुसता नळाखाली उभा राहून लग्नाला जाणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी तिने शेजारणींना घेऊन विहिरीचं पाणी काढून बाटलीत भरलं. दुपारी मला बोलावणं आलं. माझी मुलगी जर्मनीत असल्यामुळे बॅग अडकवून वजन करायचा काटा माझ्याकडे आहे. मोठी बॅग वजनात बसली. मग मी सुझानाची पर्स उचलली आणि माझा हात खाली गेला.

"यात काय आहे एवढं जड?"

"पाणी. मांडीवर घेऊन बसणार."

मला सांगावंच लागलं. "सुझाना, एवढी बाटली हातातल्या सामानात चालत नाही. तपासणीला काढून घेतात."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "आणि काय करतात?"

"टाकून देतात."

"औषध हाय म्हणून सांग," तिचा नवरा युजीन दारातून म्हणाला.

"तू सांग. मी खोटं नाय बोलणार. या पाण्यावरून तर नायच."

"मग मोठ्या बॅगेत टाक."

"तिथं तुझे बूट हायत. लग्नाचं पाणी बुटांच्या शेजारी ठेवू?"

युजीनने माझ्याकडे पाहिलं. "टीचर, लग्न झाल्यापासून हेच. काय अडलं की माझेच बूट आडवे."

असं म्हणत त्याने बॅग उघडली, नवे कोरे बूट काढले आणि तिथेच बसून पायात घातले. "घे. आयर्लंडपर्यंत हेच. चावले तर तुझ्या पोराकडून मलम लावून घेईन."

आम्ही बाटलीच्या झाकणाला चिकटपट्टी गुंडाळली, बाटली दोन पिशव्यांत घातली आणि सुझानाने चर्चमध्ये नेसायचं लुगडं त्या बाटलीभोवती घट्ट गुंडाळलं.

"आणि फुटली तर?" मी विचारलं.

"तर लुगडं पोराच्या डोक्यावर पिळीन." त्या दुपारी ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. बॅग वाटेत राहिली तर, कोणी ती आपटली तर, नाही नाही ते मनात येत होतं. संध्याकाळी फोन आला.

"टीचर, लुगडं कोरडं हाय."

मी खुर्चीत टेकले. सकाळचा गार झालेला चहा समोर होता, तोच पिऊन टाकला.

लग्नाच्या सकाळी तिथे कडाक्याची थंडी होती. विहिरीच्या पाण्यात गरम पाणी मिसळून सुझानाने पोराला आंघोळ घातली. बँड नव्हता, शेजारणी नव्हत्या. ती एकटीच गायली. सुनेने दाराबाहेर उभं राहून ऐकलं आणि नंतर विचारलं, ही विहीर मला कधी दाखवणार?

सून मे महिन्यात येणार आहे. सुझाना सध्या माळ्यावरच्या खोलीला नवा रंग लावून घेते आहे.