न पेटणाऱ्या फोमची गादी

तारापूरकडच्या जयवंतीचे हात कधी रिकामे म्हणून राहिले नाहीत. वाडीतलं काम आटोपलं की ती ओटीवर बसून उशा-गाद्या भरायची. कापूस महाग, म्हणून बोईसरच्या भंगारवाल्याकडून मोडक्या सोफ्यांचा, गाड्यांच्या सीटांचा फोम आणायचा, हातांनी कुसकरायचा नि खोळीत कोंबायचा. पण फोम घेताना बाई भारी चोखंदळ. तुकड्याला काडी लावून बघायची. पेटला तर परत, आपोआप विझला तर पसंत. शेजारचं घर चुलीच्या ठिणगीनं जळालं, तेव्हापासूनची ही रीत. गिऱ्हाइकंही आधी तेच विचारायची, "काडी लावून बगितली ना, काकी?"

वाणगावला दिलेली लेक जागृती बाळंत झाली, तेव्हा नातवाची गादी जयवंतीनं याच फोमची भरली. त्यातल्या त्यात चांगला निवडून.

मग तिला खोकला लागला, तो हटेना. नवरा विश्राम म्हणायचा, "खोकतेस की कोंबड्यांना बोलावतेस?" जिना चढताना धाप लागली, तशी ती बोईसरच्या डॉक्टरकडे गेली.

"घरात चूल आहे?"

"गॅस हाय."

"विडी?"

"ती ह्यांची, माझी नाय."

"धूळ?"

"धूळ कुठली! घर बगा येऊन, लख्ख हाय."

डॉक्टरांची नजर तिच्या वेणीवर गेली. केसांत पिवळट भुगा अडकला होता. तो कसला म्हणून विचारताच जयवंतीनं मोठ्या तोऱ्यात फोमची नि काडीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काकी, तो पेटू नये म्हणून त्यात रसायनं घालतात. जुना फोम कुसकरला की ती भुग्याबरोबर घरातल्या धुळीत मिसळतात, नि श्वासातून छातीत जातात. तुमचा खोकला त्यामुळेच, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण फुप्फुसाला ते बरं नाही. हे काम थांबवा."

"म्हणजे पेटणारा घ्यायचा?"

"कुठलाच कुसकरू नका."

"नि आग लागली तर?"

डॉक्टरांनी पेन उचललं नि औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. जयवंतीनं हळूच विचारलं, "त्यावर नुसतं झोपलं तर? तान्हं पोर?"

"नक्की नाही सांगता येत," ते म्हणाले. "माझं असतं तर मी नसतं झोपवलं."

औषध घ्यायचं राहिलंच. जयवंतीनं तडक वाणगाव गाठलं, नातवाला उचललं आणि गादी प्लास्टिकच्या गोणीत घालून तोंड बांधलं.

"आई, हे काय? तूच बोललीस ना, हीच सगळ्यांत चांगली?"

"मीच बोलले."

"मग आज काय झालं तिला?"

"मला नाय सांगता येत. डाक्टरला पन नीट नाय आलं."

"आनी तू घेऊन निघालीस!"

जागृतीनं जुनं लुगडं चौपदरी करून अंथरलं. पोरानं पाठ टेकताच टाहो फोडला.

"बघ, आता हाच कार्यक्रम!"

जयवंतीनं नातवाला मांडीवर घेतलं. खोकला आला तशी मान वळवून घेतली. आपण पोराला वाचवलं की उगाच त्याची झोप मोडली, तिला काही केल्या उमगेना. जागृतीनं गादी परत काढायला गोणीकडे हात नेला. जयवंतीनं ती पायानं मागे सारली.