पऱ्हाट्यांच्या ढिगातला राखणदार

श्रावण लागला की आजही माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, म्हातारी झाली तरी हिचा राग जात नाही. जाईल कसा?

साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. बाळापूरहून वलगावच्या शेतकरी घरात सून होऊन मला चार वर्षं झाली होती. मागच्या दाराला लागूनच कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, वर्षभराचं सरपण. ढिगात उंदीर आणि उंदरांमागे साप, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या घरची रीत काय, तर श्रावणात त्या ढिगाला हात लावायचा नाही. का? तर आत घराचा राखणदार राहतो! चुलीसाठी दारोदार सरपण मागायचं आणि ढिगापाशी रोज सकाळी दुधाची वाटी ठेवायची. ठेवणार कोण? माझी तीन वर्षांची पोर. लेकराच्या हातचं देवाला आवडतं म्हणे.

"आत्याबाई, तुमचा राखणदार परड हाय," मी सासूला सांगितलं. घोणसेला आमच्याकडे परड म्हणतात. माहेरच्या शेतात मी ती लहानपणापासून पाहिलेली. धामण माणूस दिसला की पळते, नाग निदान फणा काढून बजावतो. परड जागची हलत नाही. जाड अंग, चपटं तिकोनी डोकं, पाठीवर साखळीसारखे काळपट ठिपके, आणि जवळ गेलं की भात्यासारखी फुसफुसते. मोठं माणूस समजून मागे सरतं. लेकराला गंमत वाटते.

"देवाले नावं नको ठेवू," सासू म्हणाली. "देव तारी त्याले कोन मारी?"

मी पोरीला शिकवायची, परसात पाय आपटत जायचं, फटीत हात घालायचा नाही, काही वळवळलं की मागे सरून आईला हाक मारायची. सासू लगेच उलटं शिकवायची, पाय आपटू नको, बाप्पा रागावतो. आणि नवरा? तो मूग गिळून शेतात निघून जायचा.

एका सकाळी मी परसात भांडी घासत होते. पोर खुदकन हसली. "आई, बाप्पा फुसफुस करून राहिला!"

वळून पाहिलं तर पोर वाटीपाशी उकिडवी बसलेली, आणि समोर वेटोळं घालून, मान मागे खेचून परड. मी धावले, दंड धरून पोरीला मागे ओढलं. परडीचा झटका हवेत गेला. वाटी लवंडली आणि परड ढिगात शिरली.

सासू आली आणि काय म्हणाली? "देवाचं दूध सांडलं! पोरीले नाक घासाले लाव." आणि पोरीची मान धरून त्याच ढिगाकडे वाकवायला लागली.

माझं टाळकं सटकलं. पोरीला घरात कोंडलं, पदर खोचला, लांब दांड्याचं दाताळं घेतलं आणि भर श्रावणात ढीग ओढायला लागले. गल्ली गोळा झाली.

"घराचं वाटोळं करून राहिली वं!" सासू ओरडली.

"होऊ द्या! माही पोर जित्ती पाह्यजे मले!"

अर्धा ढीग उतरला तेव्हा खालून परड निघाली आणि तिच्या आजूबाजूला वीत वीत लांबीची पिल्लं, नुसता बुजबुजाट. लोक लाठ्या घेऊन पुढे झाले.

सासू मटकन खाली बसली. "माहा धाकला इथंच गेला," ती म्हणाली. "चार वर्साचा व्हता. चेंडू काढाले हात घातला. सारे म्हनले, देव कोपला. तवापासून दूध ठेवून राहिली मी, दुसरं लेकरू नेऊ नये म्हनून."

मला एक धाकटा दीर होता, हे चार वर्षांत कुणी बोललं नव्हतं. दया यायला हवी होती. नाही आली, अंगाचा भडकाच उडाला. "म्हंजे ठाऊक व्हतं तुमाले! लेकरू गेलं तरी ढीग तिथंच ठेवला? आन् तिथं माह्या पोरीले धाडत व्हत्या?"

सासू उठली, आणि उरलेल्या पऱ्हाट्या उघड्या हातांनी उपसायला लागली.

"हात नका घालू!" मी ओरडले, तिला खस्सकन मागे ओढलं आणि दाताळं तिच्या हातात दिलं.