आधी पट्टा, मग दुपटं

ताम्हिणीजवळच्या आमच्या वस्तीवर तेव्हा कुणाकडेच गाडी नव्हती. मी चार महिन्यांची असताना तापाने फणफणले, म्हणून माझी हौसाआत्या मला वडापच्या जीपने पौडच्या दवाखान्यात घेऊन निघाली. जीप माणसांनी गच्च, मी तिच्या मांडीवर. वळणावर म्हैस आडवी आली, ब्रेक लागला आणि मी तिच्या हातून सुटून पुढच्या लोखंडी दांडीवर आदळले. बराच वेळ मी रडलेच नाही. भुवईवर खूण राहिली, तेवढ्यावर निभावलं. आत्याने हे कधी लपवलं नाही. माझी ओळख करून देतानाच सांगायची, "ही माज्या हातनं सुटल्याली पोरगी."

आणि हीच आत्या पुढे बाळांना न्हाऊ घालायचं काम करू लागली. नवरा गेल्यावर हिंजवडीजवळच्या जांबे गावात खोली घेतली आणि हिंजवडीच्या उंच इमारतींमधून रोज चार-पाच बाळं न्हाऊ घालायची. तिच्याच खोलीवर राहून मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. बाळाला दुपट्यात तिच्याइतकं घट्ट गुंडाळणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

त्या गुंडाळण्यानेच तिचा एकदा घोटाळा केला. एका घरी बाळाला लसीच्या डोसाला न्यायचं होतं. आत्याने नेहमीसारखं दुपट्यात बांधून ते कार सीटमध्ये ठेवलं आणि वरून पट्टे लावले. बाळ दुपट्यासकट खाली घसरू लागलं. बाळाच्या आईने सगळं सोडून पुन्हा दाखवलं. आत्याने तिच्याकडून चार वेळा करून घेतलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "आधी पट्टा, मग दुपटं. चिमटीत पट्टा आला तर सैल हाय, अजून वड. आन तोंड मागं. माजं चुकलं, त्या पोरीचं बराबर व्हतं."

माझी मुलगी झाली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी, ताम्हिणीला होते; पोरीला न्हाऊ घालायला आत्याही येऊन राहिली होती. माझं सासरही जांब्यातलंच; सव्वा महिन्याने तिथून सासूबाई आणि माझे यजमान मिलिंद न्यायला आले. आमच्याकडे नात पहिल्यांदा घरी जाते ती आजीच्या मांडीवर, पुढच्या सीटवर, सगळ्या गावाला दिसेल अशी. मी कार सीट आणून ठेवलेली पाहून सासूबाई म्हणाल्या, "लेकराला बांधून न्यायाला ती काय शेरडू हाय? माजी मांडी काय मोडली?"

माझे वडील मान खाली घालून बसले. मी शिकलेली, पण सासूपुढे मीही नुसती सीटचे पट्टे चाचपत राहिले. आत्या मात्र उठली. पोरीच्या वजनाएवढे, पायलीभर तांदूळ दुपट्यात बांधले आणि गाठोडं सासूबाईंच्या हातात दिलं. "विहीणबाई, बसा पुढं. पट्टा लावा. ही तुमची नात. घट्ट धरा."

"आन सुटलं तर?"

"तर तांदूळ मी येचते."

शाळेच्या मोकळ्या मैदानात मिलिंदने गाडी सायकलीच्या वेगाने चालवली आणि ब्रेक दाबला. गाठोडं पुढे आपटून सासूबाईंच्या पायाशी पडलं. त्या आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. आत्या खिडकीशी वाकली. "तुमचे हात वाईट न्हाईत. माजे बी नव्हते."

सासूबाई उतरल्या आणि मागे जाऊन बसल्या. आत्याने पोरीला मागच्या सीटवर, तोंड मागे करून बसवलं, पट्टे ओढले, चिमटीने तपासले, मग वर दुपटं घातलं. पोरीने टाहो फोडला. सासूबाई कळवळल्या, "घ्या वं तिला, किती रडतीया."

"रडू द्या. रडतंय म्हंजी हाय. गप पडल्यालं म्या बगितलंय." आत्याने दार लावलं. "जय भीम. जावा आता सावकाश."

पौडच्या अलीकडे पोर झोपली. सासूबाईंनी जांब्यापर्यंत तिच्या छातीवरचा हात काढला नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणींना त्याच दाखवत होत्या, पट्टा कुठे ओढायचा ते.

आत्या मागच्या वर्षी गेली. शेवटच्या आजारातही वस्तीवर कुणी बाळंतीण असल्याचं कळलं, की तिचा पहिला प्रश्न हाच, "शीट हाय का त्यांच्याकडं? नसंल तर तुजी दी."

माझ्या मुलीनंतर वस्तीवरची चार बाळं घाट उतरून आपापल्या घरी गेली. चारही मागच्या सीटवर, पट्ट्यात बसून. मांडीवर एकही गेलं नाही.