माझ्या दारात तिची रांगोळी

आमच्या आळीत एकट्या राहणाऱ्या आम्ही चार म्हाताऱ्या. मुलं कुणाची पुण्यात, कुणाची मिलिटरीत. नवरे केव्हाच गेलेले. आष्ट्यासारख्या गावात कुणी एकटं नसतं, असं लोक म्हणतात. म्हणू देत. दिवसभर कुणी ना कुणी डोकावतं, 'जेवला का' विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जातं, एवढं खरं.

मागच्या हिवाळ्यात बचत गटाच्या बायकांनी आमच्यासाठी एक रीत ठरवली. सकाळी दारात सडा-रांगोळी दिसली, म्हणजे आतली म्हातारी ठीक आहे. नाही दिसली, तर जिच्या आधी लक्षात येईल तिनं दार वाजवायचं. मला ते पटलं. दहा जणींना 'बरी आहे गं' सांगत बसण्यापेक्षा ठिपके घालणं परवडलं. शिवाय मुलाची अट होती: आणखी एकदा पडलीस, तर घराला कुलूप लावून तुला पुण्याला आणणार. मला मरेपर्यंत याच घरात राहायचं होतं.

पण थंडीत गुडघे वाकेनात. शेजारच्या बाईनं ते पाहिलं. तिच्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू, गोठ्यात दोन म्हशी, नवरा साखर कारखान्यात पाळीवर. तरी म्हणाली, "आवं काकू, ऱ्हाऊ द्या. माझ्या दारात घालतीच की, तुमच्या बी घालती." मी नको म्हणाले नाही. कोण म्हणेल?

एका सकाळी पुढच्या सोप्यात दिवा लावला आणि दाराकडं जाताना पाय मुरगळून पडले. उठता येईना. दार जवळच होतं, कडी मात्र वर. जरा वेळानं बाहेर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मी हाक मारली, पण नेमका तेव्हाच उसाचा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं चालला होता. तो जाईपर्यंत तीही रांगोळी घालून गेली होती. दिवा दिसला, म्हणजे काकू उठल्या, असं तिला वाटलं. मग देवळात निघालेल्या दोघी दारासमोर आल्या. एक म्हणाली, "काकूंचं बरं हाय बाई, कवाच आवरलंय." मी ओरडले. माझं ओरडणं म्हणजे आता मांजराचं म्याव. त्या गेल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. आधी मला खूप राग आला, मग भीती वाटली, मग दोन्ही थकून गेलं आणि मी फरशीवर नुसती पडून राहिले.

दुपारी शेजारीण ताकाचा तांब्या घेऊन आली. दार उघडेना, तेव्हा तिचा नवरा मागच्या परड्यातल्या दारानं आत आला. हाड मोडलं नव्हतं, नुसता मुका मार. रडली मात्र तीच जास्त. "पोराला सांगू नगासा काकू, न्हाईतर त्यो तुमाला घिऊन जाईल. मी बघती तुमचं." आळीतल्या सगळ्या जणी गप्प बसल्या. एरवी ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यासुद्धा.

मग ती सासूचं आवरून माझ्याकडं, माझ्याकडून म्हशींकडं, तिथून पुन्हा माझ्याकडं अशी धावू लागली. बाकीच्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या, पण त्यांनाही घर होतं, शेत होतं. कुणाची पाळी चुकली की हीच भरून काढायची. "तुझी चूक नाही गं," मी सांगून पाहिलं. ऐकेल तर शपथ.

एका संध्याकाळी माझ्या पायाला तेल चोळता चोळता ती भिंतीला टेकून झोपली. तोंड उघडं, तेलकट हात माझ्या पायावर तसाच. पलीकडून सासू हाका मारत होती. मला तिला उठवावंसं वाटेना. तिचे गाल बसले होते आणि ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. माझं हे एकटीनं राहणं तिच्या जिवावर चाललं होतं. फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी मीच मुलाला फोन केला. येते म्हणाले.

त्यानं विचारलं, "आई, पडलीस का?"

"नाही रे. एकटीला करमत नाही आता."

"शेवटी पटलं तुला," तो म्हणाला. खूश झाला होता बिचारा.

ती तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं तिनं ताट आणून माझ्यापुढं ठेवलं, भाकरीवर तूप जरा जास्तच घातलं होतं. जाऊ नका, असं काही ती म्हणाली नाही.