दाजी आणि येळवशीची कोप

आमच्या दाजींनी दुरुस्त केली आणि तरीही शाबूत राहिली अशी एक वस्तू धर्मापुरीच्या आसपास कुणी दाखवावी, मी मिशी उतरवून देईन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सत्तरी कधीच ओलांडली, गुडघे कुरकुरतात, पण शेतातल्या घराचं एक काम दुसऱ्याला करू देतील तर शपथ! पत्र्याचं एक भोक बुजवायला चढतात आणि शेजारी दोन नवी पाडून उतरतात. भाजीच्या वाफ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, ते इतकं भक्कम की शेळ्यांना आत जाता येईना आणि अक्कालाही. वांगी झाडावरच पिवळी पडली. एकदा सिमेंटची टाकी घासायला आत उडी मारली आणि मग लक्षात आलं की शिडी बाहेरच राहिली. अक्का त्यांना रानभर हुडकत होती आणि हे आतून हाका मारत होते. आवाज असा घुमत होता की तिला वाटलं, देवळात भजन बसलंय. दोर टाकून वर काढल्यावर म्हणतात कसे, "टाकी मातर लई चकाचक झाली बघ!"

या खटाटोपामागे एक धास्ती होती. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा दोघांना कायमचं तिकडे न्यायचं म्हणत होता. त्याचंही चूक नव्हतं. बापाने शिडीवरून पडून मनगट मोडून घेतलेलं त्याने पाहिलं होतं. दाजींना वाटे, घर नीटनेटकं दिसलं की पोरगं गप बसेल. त्यामुळे तो यायचा म्हटलं की दुरुस्त्यांना ऊत येई आणि घर आणखी खिळखिळं होई. "पुण्यात जाऊन म्या काय करू? गॅलरीत हुबा ऱ्हाऊन गाड्या बघू?" असं ते मला विचारायचे, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे.

यंदा येळवशीला मुलगा आला तो सोक्षमोक्ष लावायचा म्हणूनच. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि आल्यागेल्याला भाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर वाढायची. दाजींनी सकाळीच एकट्याने कोप बांधली, आणि खरं सांगतो, सुरेख बांधली. मुलाच्या नजरेत भरावी म्हणून शिंगं रंगवलेली म्हैसही आणून शेजारच्या बाभळीला बांधली. मग स्वतः अंघोळ, दाढी, फेटा असा साग्रसंगीत थाट करून आम्हाला कोप दाखवायला घेऊन गेले.

तोवर म्हशीने कोपीची एक बाजू आणि अर्धं छप्पर फस्त केलं होतं. पांडव उन्हात बसले होते.

"आवो, कडब्याजवळ म्हैस बांधत्यात व्हय?" अक्काने कपाळाला हात लावला. पाहुणे हसले, मीही पोट धरून हसलो. दाजी मात्र मुलाच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते पाहून माझं हसू विरलं.

मुलगा पुढे झाला. त्याने म्हैस लांब नेऊन बांधली, कडब्याच्या पेंढ्या आणल्या, शिडी लावली आणि वर चढला. दाजी खालून एकेक पेंढी देत राहिले. छप्पर पुरं झाल्यावर तो उतरला आणि हात झटकत म्हणाला, "आप्पा, तुमी ऱ्हावा हितंच. पर शिडीवर चढायचं न्हाई. पत्र्याचं, टाकीचं जे काय आसंल ते मी येऊन करीन."

मला वाटलं, आता तासभर जुंपणार. दाजी नुसतं "बरं" म्हणाले.

पूजा झाली, पंगत बसली. शेत सुटलं नाही म्हणून दाजी खूश होते, आंबील मागून घेत होते. मधेच माझ्याकडे झुकून त्यांनी हळूच विचारलं, "पोराची बांधणी कशी झाली रे?"

"झाली की चांगली," मी म्हणालो.

"माझ्यापरीस बरी झाली," दाजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं हार मानल्यासारखं काही मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला मिळालं नसतं तर बरं झालं असतं.