दाढेतलं पांढरं सिमेंट

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही – माझ्या म्हाताऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आधी माझे दात. चिचगडात माझ्या वयाच्या बायका भात कालवून गिळतात. मी अजून फुटाणे खाते. लग्नाच्या मांडवात पोरी मागे लागतात, "आजी, सुपारी फोडून दाखव ना व!" मी फोडते, आणि वरून सांगते, "कडुनिंबाची काडी, बाकी काही नाही. आमच्या घरी दात किडत नाही."

बरं – तर किडली होती. मागची दाढ. बहिणीकडे जाते म्हणून निघाले, आणि गोंदियात दातांच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले. शाळा माझी चौथीपर्यंत, पण विचारायला काय जातं? सगळं खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी, दाढेवर चावायचा जोर येतो. चांदी भरली तर जास्त टिकेल. पांढरं सिमेंट दातासारखं दिसते, पण जपावं लागेल."

मी पांढरं काऊन घेतलं? तोंड उघडून हसायची सवय माझी – चांदी चमकली असती! थरावर थर देऊन, निळ्या उजेडात घट्ट केलं. आरशात मलाच दाढ ओळखू येईना. अजून टिकून आहे. निवडलं मी, जपलं मी – त्याचा गर्व आहे मला, खोटं कशाला बोलू? सुपारी मी दुसऱ्या बाजूने फोडते.

पण मंदा – माझी सून. तोंडात लवंग दाबून स्वयंपाक करायची, ते मला दिसत नव्हतं का? एकदा अंगणात, दोन शेजारणींसमोर बोलली, "माय, दाढ ठणकून राहिली. गोंदियाले जाऊन येऊ का?"

मी हसले. "कायले? काडी घास. माह्याकडं पाह्य!" आणि तोंड उघडून दाखवलं – तीच दाढ.

वेळेवर भरली तर दाढ वाचते, हे घरात एकटीला माहीत होतं. मला. मंदा पुन्हा बोलली नाही. गाल सुजून डोळा झाकला, तेव्हा तिला नेलं. दाढ उपटावी लागली.

आता ती एकाच बाजूने चावते – आणि मांडवात मी सुपारी फोडली, की माझ्याआधी तीच सांगते, "आमच्या मायचे दात पाहा! एकही किडला नाही."

मी तोंड उघडून दाखवते.